पॅट टेस्ट, हिरवा स्टिकर आणि भारतातून आणलेला मिक्सर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा इंग्लंडमधे रेडिंगला एक फर्निश्ड फ्लॅट भाड्यानं दिलाय, आतला फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, किटली, टोस्टर, दोन लॅम्प सगळं तुमचं. शिवाय एका इंडस्ट्रियल इस्टेटमधे छोटं युनिट घेऊन टिफिन सुरू केलाय, मदतीला दोघीजणी. एजंट म्हणाला की पॅट टेस्ट, म्हणजे प्लग लावून चालणाऱ्या वस्तूंची विजेची तपासणी, दरवर्षी कायद्यानं कंपल्सरी आहे आणि त्यानं १४० पाउंडांचं कोटेशन पाठवलं, तिकडे युनिटच्या मालकानंही सर्टिफिकेट मागितलं. तुम्ही विचारताय हे खरंच कंपल्सरी आहे का, स्वतः केलं तर चालेल का, आणि पुण्याहून आणलेला ७५० वॅटचा मिक्सर वापरू का नको.

मी आयटीआय वायरमन, आधी भोसरीत एमआयडीसीत सहा वर्षं पॅनल वायरिंग केलं, आता इंग्लंडमधे अकरा वर्षं हेच टेस्टिंगचं काम करतोय. म्हणजे पॅट टेस्टवर माझं घर चालतं, तरी सांगतो, दरवर्षी करायलाच पाहिजे असा कायदा इंग्लंडमधे नाही. एजंट लोक हे इतक्या ठामपणे सांगतात ना, की मलाच कधी कधी शंका येते!

माझ्या मते हा घोळ गॅसवरून झालाय. भाड्याच्या घरातल्या गॅस बॉयलरची, शेगडीची तपासणी दर वर्षी कायद्यानं लागतेच, १९९८ चे नियम आहेत, त्यात सूट नाही. एजंटच्या डोक्यात 'सेफ्टी सर्टिफिकेट म्हणजे वार्षिक' एवढंच बसलंय, मग ते विजेलाही तेच लावून मोकळे होतात.

विजेचं आहे ते असं. धंद्याला लागू होतात १९८९ चे इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क रेग्युलेशन्स. त्यात एवढंच म्हटलंय की विजेची यंत्रणा आणि उपकरणं धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवा. कशी ठेवायची, किती दिवसांनी बघायची, कोणत्या मीटरनं, स्टिकर कुठल्या रंगाचा, यातलं काही नाही. पॅट हा शब्दसुद्धा त्यात नाही. पण याचा अर्थ तुम्ही सुटलात असा काढू नका, कारण उद्या तुमच्या मदतनीस बाईंना शॉक बसला तर 'तुम्ही काय काळजी घेतली' हे तुम्हालाच दाखवावं लागणार आणि तेव्हा हातात काहीतरी कागद लागतो. एकटीनं धंदा करत असतात तरी हे नियम लागू होतेच.

भाड्याच्या घराला इंग्लंडमधे २०२० चे वेगळे नियम आहेत, त्यात दर पाच वर्षांनी ईआयसीआर, म्हणजे विजेच्या तपासणीचा रिपोर्ट, लागतो आणि तो मात्र खराखुरा कंपल्सरी आहे, नाही केला तर दंड हजारो पाउंडांत जातो. पण ईआयसीआर म्हणजे घराचं वायरिंग, फ्यूज बोर्ड, सॉकेट, भिंतीतलं सगळं. प्लग लावून चालणारी वस्तू त्यात येत नाही. त्या वस्तूंबद्दल सरकारी गाइडन्स म्हणतं की घरमालकानं नियमित टेस्ट करून घेणं चांगलं, म्हणजे सल्ला. स्कॉटलंडचं वेगळं आहे बरं का. ग्लासगो, एडिनबरा, ॲबरडीनला फ्लॅट असलेले बरेच मराठी लोक आहेत म्हणून सांगतो, तिकडे १ डिसेंबर २०१५ पासून मालकानं दिलेल्या वस्तूंची पॅट टेस्ट वायरिंगच्या तपासणीबरोबरच किमान पाच वर्षांनी एकदा कंपल्सरी आहे. तिथेही पाच वर्षं, एक नाही. भाडेकरूच्या स्वतःच्या वस्तू कुठेच तुमच्या टेस्टमधे येत नाहीत, पण त्यांच्या ई-बाइकचा चार्जर जिन्याखाली रात्रभर लावलेला दिसला तर गप्प बसू नका, लंडन फायर ब्रिगेड त्याबद्दल सारखी ओरडून सांगतेय.

मग किती दिवसांनी करायची? आमच्या धंद्यात आयईटी या इंजिनिअरांच्या संस्थेचं एक कोड ऑफ प्रॅक्टिस असतं. त्यात पूर्वी तक्ता होता, अमुक वस्तू इतक्या महिन्यांनी वगैरे. लोकांनी तो तक्ता कायदाच करून टाकला. २०२० च्या पाचव्या आवृत्तीत तो तक्ता काढूनच टाकला आणि म्हटलं की वस्तू काय आहे, कोण वापरतं, कुठे वापरतात हे बघून तुम्हीच ठरवा. ऑफिससारख्या कमी धोक्याच्या जागेसाठी एचएसईचं, म्हणजे इथल्या कामाच्या सुरक्षेच्या सरकारी खात्याचं एक छोटं पत्रक आहे, त्यात ढोबळ आकडे दिलेत. किटलीसारखी अर्थिंगची वायर असलेली वस्तू सहा महिने ते वर्षानं नीट डोळ्यांनी बघा, मीटरची टेस्ट एक ते दोन वर्षांनी. डेस्कटॉप कॉम्प्युटर दोन ते चार वर्षांनी बघा, मीटर पाच वर्षांपर्यंत नाही लावला तरी चालतो. आणि नवीन घेतलेल्या वस्तूला टेस्ट लागत नाही, बॉक्समधून काढून केबल प्लग नीट आहे ना एवढं बघायचं. मी अशी ऑफिसं बघितलीत जिथे काल आलेल्या मॉनिटरला आज स्टिकर मारून दीड पाउंड घेतलेत.

आता तो स्टिकर. एका रेस्टॉरंटच्या किचनमधली गोष्ट सांगतो, चारेक वर्षं झाली असतील. आमटी, भाजी गरम ठेवायची स्टीलची बेन-मरी होती, अंग सगळं धातूचं. त्यावर हिरवा 'पास'चा स्टिकर, तारीख पाच महिन्यांपूर्वीची, दुसऱ्या कुणीतरी मारलेला. मी क्लिप बॉडीला लावली आणि अर्थची टेस्ट दाबली तर मीटर आकडाच दाखवेना, सरळ ओपन. म्हटलं क्लिप नीट बसली नसेल, एक स्क्रू खरवडून परत लावली, तेच. मग प्लग उघडला. आत केबल पकडून ठेवणारी पट्टी असते ना, तिचा एक स्क्रू गायब आणि दुसरा सैल. किचनमधली मुलं घाईत प्लग काढताना केबलला धरून ओढायची, त्यामुळे ओढून ओढून हिरवी-पिवळी वायर टर्मिनलमधून निसटून प्लगच्या कोपऱ्यात नुसती लोंबत होती, तिच्या तांब्याच्या टोकापासून लाइव्हच्या टर्मिनलपर्यंत अंतर म्हणाल तर करंगळीच्या नखाएवढं. म्हणजे प्लगला एक हिसका बसला असता आणि ती वायर तिकडे टेकली असती तर बेन-मरीची सगळी बॉडी लाइव्ह. त्यात गरम पाणी, खाली ओली फरशी, हातात स्टीलचा डाव.

मालक म्हणाले, "अहो पण चालतीये ना मस्त, काल लग्नाची ऑर्डर झाली तिच्यावर." हीच तर गोम आहे, अर्थ तुटली तरी वस्तू चालतेच, अगदी मस्त चालते, काही कळत नाही. लाइव्ह किंवा न्यूट्रल सुटली तर वस्तू बंद पडून बोंब मारते, अर्थ सुटली तर ती गप्प बसते. म्हणूनच प्लग भरताना आम्ही अर्थची वायर मुद्दाम थोडी लांब ठेवतो, केबल ओढली गेली तर बाकीच्या दोन आधी सुटाव्यात आणि ही सगळ्यात शेवटी. त्या प्लगमधे तिन्ही सारख्या कापलेल्या होत्या.

आधीच्या माणसानं काय केलं असेल ते मला माहितीये, कारण हिशेबच तसा आहे. एक पाउंडाला एक वस्तू असा रेट लावला की दिवसाला तीनशे वस्तू मारल्याशिवाय पेट्रोल, व्हॅन, इन्शुरन्स काही सुटत नाही. सात तासांत तीनशे म्हणजे एका वस्तूला चौऱ्याऐंशी सेकंद, त्यातच टेबलाखाली वाकून प्लग शोधायचा, लेबल लिहायचं, पुढच्या वस्तूकडे जायचं. प्लग उघडणार कधी? शिवाय अशा कोटेशनमधे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बिल्ट-इन ओव्हन, फ्रिज, वॉशिंग मशीन हलवावं लागलं तर ते धरलेलं नाही. म्हणजे तुमच्या फ्लॅटमधल्या ज्या जड वस्तूंना खरंच बघायला पाहिजे त्याच सोडून किटली आणि टेबल लॅम्पला स्टिकर. तुमच्या एजंटला आधी हेच विचारा, वॉशिंग मशीन बाहेर ओढून प्लग बघणार का? सात वस्तूंना १४० मला जास्त वाटतात, माझ्यासारखा एकटा माणूस साधारण ६० ते ८० घेईल, पण जास्त पैसे घेऊन मशीन ओढणारा परवडला, कमी पैशांत न ओढणारा नको.

टेस्ट म्हणजे नेमकं काय करतात तेही सांगतो, म्हणजे समोरचा माणूस करतोय का नाही ते तुम्हाला उभं राहून कळेल. आधी डोळे. केबल कुठे चिरलीये, दबलीये, काळी टेप गुंडाळलीये, प्लगच्या पिना जळून काळ्यानिळ्या झाल्यात, प्लगजवळ केबलचं बाहेरचं आवरण मागे सरकून आतल्या रंगीत वायरी दिसतायत. माझ्या हातून नापास होणाऱ्या बहुतेक वस्तू इथेच पकडल्या जातात, मीटर नंतर. मग प्लग उघडायचा, उघडणारा असेल तर, आणि फ्यूज बघायचा. साधारण ७०० वॅटपर्यंत ३ अँपचा, त्याच्यावर बहुतेक वेळा १३ अँपचा. टेबल लॅम्पच्या बारीक केबलला १३ चा फ्यूज घातलेला मला रोज दिसतो, आणि एकदा फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली पण बघितलीये, भारतात नाही हो, ऑक्सफर्डला! इथल्या प्लगची अजून एक खूण लक्षात ठेवा. लाइव्ह-न्यूट्रलच्या पिनांना मुळाशी काळं प्लास्टिक असतं, ते बरोबर आहे, पण वरच्या जाड अर्थच्या धातूच्या पिनेलाही तसंच प्लास्टिकचं आवरण दिसलं तर तो प्लग नकली, ती केबल सरळ टाकून द्यायची. ऑनलाइन स्वस्तात मागवलेल्या चार्जरच्या केबल बघा, सापडेल एखादी.

मग मीटर. धातूची बॉडी आणि अर्थ असलेल्या वस्तूला आम्ही क्लास वन म्हणतो, तिला अर्थची टेस्ट. प्लगच्या अर्थ पिनेपासून बॉडीपर्यंत रेझिस्टन्स ०.१ ओहम अधिक केबलचा जो काय असेल तो, याच्या आत पाहिजे. क्लिप रंगावर लावून चालत नाही, उघडा धातू शोधावा लागतो. दुसरी इन्सुलेशनची, ५०० व्होल्ट डीसी सोडून, लाइव्ह-न्यूट्रल एकत्र करून अर्थकडे काही गळतं का ते बघायचं, क्लास वनला किमान १ मेगाओहम, आणि डबल इन्सुलेशनच्या वस्तूंना, म्हणजे ज्यांच्यावर चौकोनात चौकोन काढलेला असतो त्यांना २ मेगाओहम. यात एक ग्यानबाची मेख आहे. वस्तूचं स्वतःचं बटण चालू ठेवूनच ही टेस्ट करायची, बटण बंद ठेवलं तर तुम्ही नुसती केबल टेस्ट केली, आतली मोटर, कॉइल काहीच नाही, आणि आकडा मात्र एकदम झकास येतो. तुमच्यासमोर कुणी टोस्टरचा खटका खाली न करता टेस्ट दाबताना दिसला तर समजून घ्या. खटका नुसता दाबून राहत नाही, वीज असल्याशिवाय टिकत नाही, म्हणून हातानं धरून ठेवावा लागतो किंवा वेगळ्या पद्धतीनं, वस्तू चालू करून लीकेज मोजावा लागतो. कंटाळा येतो म्हणून लोक सोडतात.

स्वतः करता येईल का? डोळ्यांचं काम शंभर टक्के येईल आणि तेच सगळ्यात मोलाचं. फ्लॅटसाठी माझा सल्ला असा की भाडेकरू बदलताना, घर रिकामं असतं त्या दिवशी, प्रत्येक वस्तूचा प्लग, केबल आणि मागची नेमप्लेट यांचे फोटो काढा. नेमप्लेटवर मॉडेल नंबर असतो, तो सरकारी रिकॉलच्या यादीत टाकून बघायचा. ही गोष्ट मीटर कधीच पकडणार नाही. २०१९ मधे इथे एका मोठ्या कंपनीचे लाखो टम्बल ड्रायर परत मागवले, आत साचलेल्या कपड्यांच्या तंतूंमुळे पेट घेत होते, आणि त्यातले बहुतेक पॅट टेस्टमधे आरामात पास झाले असते. ड्रायर असेल तर फिल्टर साफ करायची चिठ्ठीच चिकटवा. मीटरची टेस्ट घरासाठी दोन वर्षांनी केलीत तरी मला पुरेशी वाटते, पण तुमच्या इन्शुरन्सच्या कागदात काही वेगळी अट आहे का ते आधी वाचा, असली तर मग ती पाळायलाच लागते, माझं मत बाजूला ठेवा.

मीटर स्वतः घ्यायचा विचार असेल तर बरा मीटर तीनेकशे पाउंडांच्या खाली मिळत नाही, आणि सिटी अँड गिल्ड्सचा २३७७ नंबरचा कोर्स आहे. कायदा म्हणतो माणूस जाणकार पाहिजे, इलेक्ट्रिशियनच पाहिजे असं नाही. एका फ्लॅटसाठी हा उपद्व्याप करू नका. चार-पाच घरं असतील तर गोष्ट वेगळी.

तुमच्या टिफिनच्या युनिटचं मात्र मी कडक बोलणार. पाणी, वाफ, तेल, घाई, आणि वस्तू दुसऱ्याच्या हातात. तिथे सहा महिन्यांनी मीटर लावा, आणि रोज सकाळी ज्या बाई आधी येतात त्यांना प्लग-केबलवर एक नजर टाकायला सांगा, काही खराब दिसलं तर वस्तू बाजूला ठेवायची, 'आजचा दिवस चालवू' नाही. वहीत वस्तूचं नाव, नंबर, तारीख, काय दिसलं, एवढं लिहिलं तरी तो कागद होतो, कायद्यानं ठरवून दिलेला फॉर्म नाही. आणि एक्स्टेन्शन! चार सॉकेटच्या पट्टीला एकूण १३ अँपच मिळतात, म्हणजे तीन किलोवॅट. एक किटली आणि एक राइस कुकर लावला की संपलं, आणि त्या पट्टीत दुसरी पट्टी तर बिलकुल नको. रीळवाली केबल वापरत असाल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली असताना ती आतल्या आत तापते. दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरला तीन तीन फ्रायर एका पट्टीवर लावलेले मी बघितलेत, पट्टीचं प्लास्टिक मऊ झालं होतं, बोटानं दाबलं तर खळगा पडत होता.

आपल्या मंडळांच्या गणपतीलाही हे लागतं, हॉलवाले सजावटीच्या सामानाचं सर्टिफिकेट मागतात आणि मग आदल्या रात्री मला फोन. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या दिव्यांच्या माळा, दोन पिनी प्लग, अडॅप्टरमधे अडॅप्टर. मी त्या सरळ नापास करतो आणि शिव्या खातो.

आता मिक्सर. व्होल्टेजचं टेन्शन नको, इथे पण २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, मिक्सर तसाच फिरतो. घोळ प्लगचा आहे. आपला गोल तीन पिनी प्लग लोक ट्रॅव्हल अडॅप्टरमधे घालून वर्षानुवर्षं वापरतात, आणि त्या अडॅप्टरपैकी कित्येकांत अर्थचा पत्राच नसतो, नुसतं भोक असतं. वर मोटर सुरू होताना झटका घेते, तेव्हा सैल पिनांमधे ठिणग्या पडतात, म्हणून अडॅप्टरचं ते भोक तपकिरी झालेलं असतं, तुमचंही बघा.

घरी वापरायचा असेल तर प्लग बदला. जुना कापायचा, इथला १३ अँपचा प्लग घ्यायचा, अर्थ वरच्या टर्मिनलला, लाइव्ह फ्यूजच्या बाजूला, न्यूट्रल उरलेल्या जागी. जुन्या भारतीय केबलमधे लाल लाइव्ह, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असते, नव्यात तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. फ्यूज प्लगबरोबर १३ चा येतो तो काढा, ७५० भागिले २३० म्हणजे सव्वातीन अँप, त्याला ५ चा फ्यूज बरोबर बसतो, ३ चा सुरू होतानाच्या झटक्यानं उडत राहील. अर्थ थोडी लांब ठेवा, केबलची पट्टी बाहेरच्या आवरणावर आवळा, आतल्या वायरींवर नाही. हे हातानं कधी केलेलं नसेल तर कुणा जाणत्याकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

युनिटमधे मात्र तो नकोच. घरगुती मिक्सर थोडा वेळ चालवून थांबवायचा असतो, खाली नेमप्लेटवर किती मिनिटं ते लिहिलेलं असतं, आणि तुम्ही रोज चाळीस डब्यांचं वाटण त्यात करणार म्हणजे मोटरचं इन्सुलेशन भाजून निघणार. शिवाय धंद्यात दुसऱ्याच्या हातात दिलेलं यंत्र इथल्या सुरक्षेच्या नियमांत बसणारं लागतं, अपघात झाल्यावर पुण्याच्या दुकानाची पावती दाखवून भागत नाही. साउथॉल, वेम्बलीला आपल्याच कंपन्यांचे इथल्या प्लगचे मिक्सर मिळतात, पण युनिटसाठी तेही नको, कमर्शियल ग्राइंडरच घ्या.

आणि प्लग कापलात की तो कापलेला तुकडा तसाच ड्रॉवरमधे टाकू नका, कापलेलं वायरचं टोक उघडं असतं. इथल्या सॉकेटात तो गोल प्लग बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तो अडॅप्टर घरात पडलेला असतोच आणि पोरांना भोकात काहीतरी घालायला आवडतं. पिना पक्कडीनं वाकवा, मग कचऱ्यात टाका, आणि अडॅप्टरही त्याच पिशवीत.